बेडकाच्या पाठीवरचे ‘चांगले’ जीवाणू: एक शोधनिबंध आणि आपली घाई

गेल्या काही महिन्यांत पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी मला आपापले आराखडे वाचायला पाठवले. त्यातल्या एकाचा विषय होता, तानसा परिसरातल्या बेडकांना बुरशीच्या रोगापासून वाचवण्यासाठी उपयुक्त जीवाणूंचा वापर. वाचताना मला हसू आलं. ते त्या विद्यार्थ्याला नव्हे, स्वतःलाच. कारण माझा पहिला आराखडा जवळजवळ हाच होता, शीर्षकातसुद्धा फार फरक नव्हता. पंधरा मिनिटं मी उत्साहानं बोललो. समितीतल्या एका मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “तानसाचे बेडूक आजारी आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. अशा आराखड्यांत एका शोधनिबंधाचा आधार हमखास घेतलेला असतो. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या कार्तिकेयन वासुदेवन यांच्या गटाचा हा निबंध २०२१ साली ‘मायक्रोबियल इकॉलॉजी’ या नियतकालिकात आला. निबंध चांगला आहे, आधी हे सांगून ठेवतो. माझी तक्रार निबंधाबद्दल कमी आणि आपण तो ज्या पद्धतीनं वाचतो त्याबद्दल जास्त आहे. पण तिथे जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

रोग काय आहे?

या बुरशीचं नाव बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. सगळे तिला ‘बीडी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडूक मोठ्या संख्येनं मरत होते. १९९८ साली त्या मृत्यूंशी एका कायट्रिड बुरशीचा संबंध जोडला गेला आणि १९९९ साली तिचं रीतसर वर्णन झालं. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि बेडकाच्या कातडीत घर करतात.

माणसाला कातडीची बुरशी झाली तर खाज सुटते, मलम लावून काम भागतं. बेडकाचं तसं नाही. तो कातडीतून पाणी पितो, कातडीतून श्वास घेतो आणि अंगातले क्षारही कातडीच सांभाळते. २००९ साली ‘सायन्स’मधल्या एका अभ्यासानं दाखवलं की बीडीमुळे सोडियम-पोटॅशियमचा तोल ढळतो आणि शेवटी हृदय बंद पडतं. वरवरच्या बुरशीनं एवढा धडधाकट प्राणी मरतो कसा, या कोड्याचं ते उत्तर होतं.

या रोगानं किती नुकसान झालं? प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य असतंच: ५०१ प्रजातींची संख्या घटली, त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्या. हा आकडा २०१९ च्या ‘सायन्स’मधल्या निबंधाचा. पण २०२० साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटानं त्यावर आक्षेप घेतला, की दिलेल्या माहितीवरून हे निष्कर्ष पुन्हा काढून दाखवता येत नाहीत. मूळ लेखकांनी त्याला उत्तरही दिलं. रोग भयंकर आहे याबद्दल दोन्ही बाजूंचं दुमत नाही. वाद आहे तो आकड्याच्या खात्रीबद्दल. तुम्ही ५०१ लिहा, हरकत नाही. पण मुलाखतीत कुणी “यावर आक्षेप होता ना?” असं विचारलं तर गप्प बसायची वेळ येऊ देऊ नका.

जीवाणूंची कल्पना आली कुठून?

बेडकाच्या कातडीवर जीवाणूंची वस्ती असते. त्यातले काही बुरशीला मारणारी रसायनं बनवतात. जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध जीवाणू. तो व्हायोलासीन नावाचं जांभळं द्रव्य तयार करतो. २००९ साली अमेरिकेत रीड हॅरिस आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या पिवळ्या पायांच्या बेडकांवर हा जीवाणू चढवला आणि मग त्यांना बीडीची लागण केली. जीवाणू चढवलेले बेडूक तगले, त्यांचं वजनही घटलं नाही. ज्यांना फक्त बुरशी मिळाली त्यांचे हाल झाले.

आपण दही खातो, शेतकरी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो. त्यामुळे ही कल्पना आपल्या लगेच गळी उतरते. धोका तिथेच आहे. गळी लवकर उतरणाऱ्या कल्पनेला आपण पुरावा कमी मागतो.

पुढे काय झालं ते नीट पाहा. पनामाचा सोनेरी बेडूक हा या रोगाचा सर्वात दुर्दैवी बळी. २०११ साली त्याच्यावर हाच जांभळा जीवाणू वापरला. काही आठवड्यांत जीवाणू कातडीवरून ओसरला आणि बेडूक मेले. २०१५ साली त्याच बेडकावर पनामातल्याच बेडकांकडून मिळवलेले दुसरे जीवाणू वापरून पाहिले. तेही टिकले नाहीत. गंमत म्हणजे त्या प्रयोगात काही बेडूक वाचले. पण ते कुठल्याही उपचारामुळे नाही. त्यांच्या कातडीवरची मूळची वस्तीच वेगळी होती. दुसरीकडे, २०१६ साली अमेरिकेतल्या बोरियल टोड या भेकावर जँथिनोबॅक्टेरियमनं जगण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढवलं. म्हणजे एका प्राण्यात यश, दुसऱ्यात अपयश.

आणि प्रयोगशाळेबाहेर? पिवळ्या पायांच्या बेडकांवरच्या मैदानी प्रयोगांचा सविस्तर अहवाल २०२२ साली आला. तिथे आधी औषधानं बुरशी कमी केली, मग बेडकांना जीवाणूंच्या द्रावणात अंघोळ घातली. अंगावरचे जीवाणू वाढले खरे, पण वर्षभरात तो परिणाम नाहीसा झाला. बुरशी कमी झाली नाही, बेडूक जास्त जगलेही नाहीत. २००९ साली प्रयोगशाळेत जिथून आशा निर्माण झाली होती, डोंगरातल्या त्याच बेडकांची ही गोष्ट आहे.

आराखड्यांत २००९ चा निबंध नेहमी असतो. २०२२ चा मी एकदाही पाहिलेला नाही. माझ्या आराखड्यात २०११ चाही नव्हता, आणि तो तर तेव्हा केव्हाच छापून आलेला होता. मी शोधलाच नव्हता, कारण मला हवं ते वाक्य आधीच सापडलं होतं.

आता घरी येऊ

बीडी आपल्या सह्याद्रीत आहे का? आहे. २०१३ साली नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’मध्ये उत्तर सह्याद्रीतली पहिली नोंद दिली. तीन प्रदेशनिष्ठ आणि धोक्यातल्या प्रजातींमध्ये बुरशी सापडली: निक्टिबॅट्राकस हुमायुनी, इंडिराना लीथी आणि राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस. पहिलीचं नाव पक्षिअभ्यासक हुमायूँ अब्दुलअलींवरून आलेलं. दुसरी पहिल्यांदा वर्णिली गेली ती माथेरानची, म्हणजे मुरबाडहून फार लांबची नाही. बुरशीचा हा वाण आशियातल्या मूळ वाणाच्या जवळचा निघाला. २०१५ साली त्याच गटातल्या संशोधकांनी दाखवलं की हा आशियाई वाण पश्चिम घाटात सर्वदूर आहे. २०१८ साली वासुदेवन यांच्या गटानं ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आणखी एक पैलू मांडला. आपल्याकडे बुरशीच्या जनुकीय प्रकारांची विविधता भरपूर, पण लागणीचं प्रमाण कमी.

विविधता जास्त, लागण कमी. याचा साधा अर्थ असा की बुरशी इथे पाहुणी नसावी, जुनी रहिवासी असावी. जगभरच्या नमुन्यांवरचा २०१८ चा मोठा जनुकीय अभ्यासही बुरशीचं मूळ पूर्व आशियाकडे दाखवतो. पनामात जसे बेडकांचे खच पडले तसे आपल्या ओढ्यांत पडल्याची नोंद नाही. मग प्रश्न असा की आपले बेडूक का मरत नाहीत?

निबंध काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

२०२१ चा निबंध या प्रश्नाला हात घालतो. सहा प्रजातींच्या बेडकांच्या कातडीवरून स्वॅब घेतले. कोविडच्या काळात आपल्या नाकात घालायचे तशीच ती काडी. त्यातला डीएनए वाचून जीवाणूंचे ५५१ ओटीयू मिळाले. ओटीयू म्हणजे डीएनएच्या साम्यावरून पाडलेले गट, ढोबळ अर्थानं ‘प्रकार’. त्यातले ५१.७ टक्के ‘बीडीविरोधी’ निघाले. निष्कर्ष असा की आपल्याकडे रोग कमी असण्यात या जीवाणूंची संभाव्य भूमिका असू शकते.

आता टीका. चार मुद्दे आहेत.

पहिला. तपासलेले सगळे बेडूक बीडीमुक्त होते. लेखकांनी हे लपवलेलं नाही, सारांशातच लिहिलं आहे. पण याचा अर्थ काय होतो? समजा तुम्हाला ताप कशानं टळतो हे शोधायचंय आणि तुम्ही फक्त ताप नसलेली माणसं तपासलीत. ती सगळी भात खातात असं आढळलं. भातानं ताप टळतो का? सांगता येणार नाही, कारण ताप आलेले लोकही भात खात असतील. ज्या गोष्टीचं कारण शोधायचं तीच सगळ्या नमुन्यांत सारखी असेल, तर तुलनेला जागाच उरत नाही. लागण झालेले बेडूक हवेत, न झालेले हवेत, आणि दोन्ही एकाच ओढ्यातले असतील तर उत्तम.

दुसरा. ‘बीडीविरोधी’ हे ठरवलं कसं? स्वॅबमधून फक्त डीएनए मिळतो, जिवंत जीवाणू बुरशीसमोर ठेवलेला नसतो. असा शिक्का मारायचा तर आधी माहीत असलेल्या जीवाणूंच्या यादीशी डीएनए जुळवून पाहावा लागतो. २०१५ पासून जगभरातल्या उभयचरांवरच्या अशा जीवाणूंचा एक मोठा माहितीसंच उपलब्ध आहे. पण डीएनएचा तेवढा तुकडा जुळला म्हणजे स्वभाव जुळला असं नाही. शहापुरात एकाच आडनावाची दहा घरं असतात, म्हणून त्या दहाही घरांत तबला वाजतो असं आपण धरत नाही. शिवाय २०१५ च्याच आणखी एका अभ्यासात दिसलं की बीडीच्या एका नमुन्याला रोखणारा जीवाणू दुसऱ्याला रोखेलच असं नाही, मग ते दोन्ही नमुने एकाच वंशातले का असेनात. आपल्याकडे तर वाणच वेगळा आणि त्यात विविधता भरपूर. परक्या बुरशीवर पास झालेला जीवाणू इथल्या बुरशीवर पास होईल, हे तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

तिसरा. ५१.७ टक्के हा आकडा ओटीयूंचा आहे, म्हणजे प्रकारांचा. कातडीवर एखाद्या प्रकाराच्या मोजक्या पेशी असतील, दुसऱ्याच्या लाखो. बाजारात शंभर प्रकारचा माल असला तरी खप पाच-सहा वस्तूंचाच असतो. हा आकडा उद्धृत करताना कातडीवरचे निम्मे जीवाणू बुरशीशी लढतात असं लिहू नका. निबंध तसं म्हणत नाही.

चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इतर स्पष्टीकरणांचं काय? इथला वाणच मवाळ असेल. हजारो वर्षांच्या सहवासानं बेडकांची प्रतिकारशक्ती तयार झाली असेल. हवामानाचा हात असेल: बीडीला १७ ते २५ अंश मानवतं आणि २८ च्या आसपास तिची वाढ थांबते. तानसाच्या सखल भागातला उन्हाळा चाळिशीला टेकतो, तिथे बुरशीचीच दमछाक होत असणार. किंवा बेडूक मरतही असतील आणि आपल्याला दिसत नसतील. जुलैच्या पावसात ओढ्याकाठी मेलेला बेडूक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुठे राहतो? खेकडे, मुंग्या, पूर. २०१३ च्या निबंधात लीथी आणि बॉम्बेएन्सिसवर बाहेरून लक्षणं नव्हती, पण हुमायुनीच्या कातडीवर जखमा होत्या, कातडी तपकिरी पडून सोलवटत होती. ‘आपल्याकडे सगळं आलबेल आहे’ हे वाक्यही तपासून घ्यायला हवं.

लेखकांनी ‘संभाव्य’ हा शब्द वापरला आहे. एका छोट्या अभ्यासाला शोभेल एवढाच दावा त्यांनी केला. आपल्याकडच्या बेडकांच्या कातडीवर कोण राहतं, याची एक पायाभूत यादी या निबंधानं दिली आणि ते मोलाचं काम आहे. पुढचं आपण करतो. एका आराखड्यातून दुसऱ्यात जाताना ‘संभाव्य’ गळून पडतो, तिसऱ्यात ‘सिद्ध झाले आहे’ येतं आणि चौथ्यात कुणीतरी तानसात जीवाणू सोडायला निघतो.

सोडायचे म्हणजे कुठे?

तानसाचं धरण १८९२ सालचं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हा एक आणि भोवती अभयारण्य. बेडकांच्या कातडीवर बुरशीविरोधी म्हणून वारंवार सापडणाऱ्यांमध्ये स्टेनोट्रोफोमोनास आणि स्यूडोमोनास या गटांचे जीवाणू आहेत. याच गटांतल्या काही जाती रुग्णालयात अशक्त रुग्णांना संसर्ग करतात. बेडकासाठी ‘चांगला’ तो सगळ्यांसाठी चांगला असा नियम नाही. ‘चांगले जीवाणू’ हा शब्दच मला आता खटकतो. कुणासाठी, कुठे, किती तापमानात, हे सांगितल्याशिवाय तो अपुरा आहे.

त्याच पाण्यात मासे आहेत, खाली भाताची खाचरं आहेत, त्यात उतरणारी माणसं आहेत. आराखड्यात त्यांचा उल्लेख नसेल तर ती त्रुटी फक्त विज्ञानाची नाही. अभयारण्यात संशोधन करायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. परवानगीचा अर्ज लिहायला बसलात की हे सगळे प्रश्न तुमच्यापुढे येतातच. माझ्यापुढेही ते तेव्हाच आले.

मग करायचं काय?

विषय सोडून द्या असं मी म्हणत नाही. उलट शहापूर-मुरबाडसारखी जागा या प्रश्नासाठी फार सोयीची आहे. खाली तानसाकडची उष्ण, सखल भातशेती आणि वर माळशेजचे गार, धुक्यातले ओढे. काही तासांच्या प्रवासात तापमानाचा एवढा फरक मिळतो. बीडी खाली कमी आणि वर जास्त सापडते का? जीवाणूंची वस्ती उंचीप्रमाणे बदलते का? एकाच ओढ्यातल्या लागण झालेल्या आणि न झालेल्या बेडकांत फरक दिसतो का? जूनमध्ये खाचरात पिवळेधमक होऊन ओरडणाऱ्या मोठ्या बेडकांची कातडी सप्टेंबरमध्येही तशीच असते का? हे प्रश्न साधे आहेत, स्वॅब आणि पीसीआरवर भागणारे आहेत आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी प्रबंध उभा राहतो.

दुसरी पायरी जीवाणू प्रत्यक्ष वाढवून पाहण्याची, आणि तेही इथल्या बुरशीसमोर. बीडी जिवंत वाढवणं कटकटीचं काम आहे, इतर बुरश्या आणि जीवाणू तिच्यावर मात करतात. त्यासाठी वेळापत्रकात भरपूर महिने ठेवा. तिसरी पायरी बंदिस्त टाक्यांची. मैदानात काही सोडण्याची वेळ त्याही नंतर येईल, कदाचित तुमच्या प्रबंधात येणारच नाही. येऊ नये असंच मला वाटतं.

मैदानी कामाच्या दोन सवयी आजपासून लावून घ्या. दर बेडकाला नवे हातमोजे घाला आणि स्वॅबआधी निर्जंतुक पाण्यानं बेडूक धुवा. नाहीतर तुम्ही कातडीवरची वस्ती मोजत नाही, चिखल मोजता. आणि एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाताना बूट निर्जंतुक करा. बुरशीचा अभ्यास करायला गेलेल्या माणसानंच ती पसरवली तर काय उपयोग?

त्या विद्यार्थ्याला मी शीर्षक बदलायला सांगितलं. ‘संरक्षण करण्यासाठी’ हे शब्द काढ, म्हटलं. त्याऐवजी ‘बुरशीची लागण आणि कातडीवरचे जीवाणू यांचा संबंध: तानसा ते माळशेज’ असं काहीतरी लिही. त्याला ते थोडं फिकं वाटलं. वाचवणं या शब्दात जोर आहे, मोजणं या शब्दात नाही, हे मला कळतं. मी माझं शीर्षक बदललं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

तुमच्या आराखड्यातही असं एखादं क्रियापद असेल. ते अधोरेखित करा आणि स्वतःलाच विचारा: हे मला कुणी सांगितलं? उत्तरात एखाद्या निबंधाचं नाव आलं, तर तो पुन्हा उघडा आणि त्यात ‘संभाव्य’ कुठे लिहिलंय ते शोधा.